जयपालसिंह मुंडा

झारखंडमधील खुंटीजवळ टकरा नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १९०३ साली जयपालसिंहांचा जन्म झाला. ते मुंडा या आदिवासी जमातीचे होते.

मुंडा लोकांच्या गावाचा कारभार गावकरीच चालवीत. गावच्या प्रमुखालाही मुंडा असेच म्हणत. पूजाविधी पाहन करीत असे. अनेक गावांवर मिळून एक मानकी असे. भांडण झाले, की लोक एकत्र बसत, दोन्ही बाजू ऐकत आणि निर्णय देत. ज्या कुळांनी जंगल तोडून शेती केली, त्यांचाच त्या जमिनीवर हक्क असे. पुढे जमीनदार आणि इंग्रजांच्या कचेऱ्या आल्या व हा कारभार दुबळा झाला.

जयपालसिंह अभ्यासात हुशार होते. ते इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला शिकले आणि सरकारच्या सर्वांत मोठ्या नोकरीसाठी निवडले गेले. ते उत्तम हॉकी खेळत. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकसाठी ते भारताच्या संघाचे कर्णधार झाले. रजा मिळाली नाही, तरी ते खेळायला गेले. अंतिम सामन्यात ते नव्हते. पण त्यांच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. खेळासाठी त्यांनी ती मानाची नोकरी सोडली.

१९३९ साली ते आदिवासी महासभेचे अध्यक्ष झाले. पुढे संविधान सभेवर त्यांची निवड झाली. डिसेंबर १९४६ मध्ये त्यांनी तेथे आपल्या लोकांची बाजू मांडली. आदिवासींना लोकशाही शिकवण्याची गरज नाही, उलट ती त्यांच्याकडूनच शिकावी, असे त्यांनी ठामपणे सांगितले. आपल्या गावात सर्वांना विचारून निर्णय होताना त्यांनी पाहिले होते. म्हणून त्यांच्या बोलण्यात संकोच नव्हता.

संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत आदिवासी भागांसाठी खास तरतूद झाली. परंतु तेथील सल्लागार परिषदेला फक्त सल्ला देण्याचा अधिकार मिळाला. एवढ्याने जयपालसिंहांचे समाधान झाले नाही.

१९५० साली त्यांनी झारखंड पक्ष स्थापन केला. १९५२ च्या निवडणुकीनंतर तो बिहार विधानसभेतील प्रमुख विरोधी पक्ष ठरला. पण वेगळे राज्य मिळाले नाही. १९६३ साली त्यांनी आपला पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला. अनेक अनुयायांना हे आवडले नाही. १९७० साली दिल्लीत त्यांचे निधन झाले.

पुढे १९९६ साली संसदेने कायदा केला. पाचव्या अनुसूचीतील भागात ग्रामसभेला आपल्या रूढी जपण्याचा आणि जुन्या रीतीने तंटे सोडवण्याचा अधिकार मिळाला. २००० साली झारखंड राज्यही झाले. जयपालसिंह हे पाहायला नव्हते. पण गावाच्या शहाणपणाला देशाच्या कायद्यात जागा हवी, ही गोष्ट त्यांनी पन्नास वर्षे आधीच सांगून ठेवली होती.