खंजिरीपासून कॉर्नेटपर्यंत

आज मी तुम्हांला लुई आर्मस्ट्राँग या थोर वादकाची माहिती सांगणार आहे. आपल्याकडे वरातीच्या बँडमध्ये पितळी ट्रंपेट असते ना, तेच वाद्य वाजवून तो जगभर प्रसिद्ध झाला.

लुईचा जन्म ४ ऑगस्ट १९०१ रोजी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात एका गरीब काळ्या कुटुंबात झाला. तो अगदी लहान असतानाच वडील घर सोडून गेले. आई लोकांच्या घरी कामे करून पोट भरी. लुई भंगाराच्या गाडीवर काम करायचा. गाडी आली हे लोकांना कळावे म्हणून तो पत्र्याची पिपाणी वाजवायचा.

त्या शहरात पितळी वाद्यांचे बँड पुष्कळ होते. दिवसा गवंडीकाम नाहीतर दुसरी मजुरी करणारी कितीतरी माणसे सुटीच्या वेळी बँडमध्ये वाजवीत. कोणी वारले तर बँड अंत्ययात्रेबरोबर जाई. जाताना संथ सूर आणि परत येताना नाचायला लावणारे! मागोमाग पोरांची झुंबड चाले. त्यात लुईही असे.

३१ डिसेंबर १९१२ च्या रात्री नव्या वर्षाच्या आनंदात लुईने घरातले पिस्तूल आणून हवेत उडवले. झाले! पोलिसांनी त्याला धरले आणि दुसऱ्या दिवशी त्याची रवानगी काळ्या मुलांच्या सुधारगृहात झाली. तेव्हा तो अवघा अकरा वर्षांचा होता.

सुधारगृहात मुलांचा बँड होता. पीटर डेव्हिस नावाचे गुरुजी तो शिकवीत. लुईला बँडमध्ये जायची फार इच्छा होती. पण हा वाईट वस्तीतला पोरगा, म्हणून गुरुजींचा त्याच्यावर विश्वास नव्हता. लुई कोपऱ्यात बसून नुसता ऐकत राही. पुढे त्याचे वागणे पाहून गुरुजींनी त्याला खंजिरी दिली. ती त्याने तालात वाजवली. मग ढोल मिळाला. मग बिगुल आला. जेवणाची, झोपेची वेळ झाली की लुई बिगुल वाजवी. तो बिगुल मळून हिरवा पडला होता. लुईने घासून घासून तो लख्ख केला. शेवटी त्याच्या हाती कॉर्नेट आले. कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटचाच आखूड भाऊ. काही दिवसांनी तर लुई बँडचा प्रमुख झाला!

एकदा हा बँड लुईच्या जुन्या वस्तीतून वाजत गेला. ज्या वस्तीला लोक नावे ठेवीत, तिथल्याच लोकांनी मुलांच्या टोप्या पैशांनी भरल्या. त्यातून नवी वाद्ये आणि गणवेश आले, असे लुईने आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे.

जून १९१४ मध्ये तो सुटला. दिवसा कोळशाची गाडी हाकायची आणि रात्री कॉर्नेट वाजवायचे, असा त्याचा क्रम होता. जो ऑलिव्हर या वादकाने त्याला आपला मानून शिकवले आणि १९२२ साली शिकागोला बोलावले. १९२५ पासून लुईच्या स्वतःच्या बँडच्या ध्वनिमुद्रिका निघू लागल्या आणि जाझ संगीतात त्याचे नाव झाले. पण १९३१ साली गावी आल्यावर तो आठवणीने त्या सुधारगृहात गेला, डेव्हिस गुरुजींना भेटला आणि तिथल्या मुलांबरोबर त्याने फोटो काढून घेतला. ६ जुलै १९७१ रोजी न्यूयॉर्क येथे त्याचे निधन झाले.

मित्रांनो, मला वाटते, लुईने खंजिरी हलकी म्हणून नाकारली असती तर कॉर्नेट त्याच्या हाती आलेच नसते. आपल्यालाही पहिल्यांदा लहान काम मिळते. ते मन लावून करावे. आणि आलेल्या पालकांना माझी विनंती आहे की, पोराची पारख त्याच्या वस्तीवरून करू नका. त्याच्या हाती काहीतरी देऊन तर बघा!