विनोबांपुढचा कागद



वर्ध्याहून नागपूरकडे जाताना पवनारला धाम नदी लागते. तिच्या काठी आचार्य विनोबा भावे यांचा आश्रम आहे. भूदानाचे विनोबा आपल्याला शाळेपासून ठाऊक आहेत. उतारवयात ऐकू न येणारे विनोबा मात्र आपण फारसे आठवत नाही.

विनोबांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 रोजी कोकणात गागोदे येथे झाला. गांधीजींच्या सांगण्यावरून 1921 साली ते वर्ध्याला आले. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली. 1951 पासून सुमारे 13 वर्षे ते गावोगाव पायी हिंडले आणि भूमिहीनांसाठी जमीन मागत राहिले. पवित्र बायबलचाही त्यांनी आदराने अभ्यास केला आणि नव्या करारातील निवडक वचनांचे संकलन केले. असे हे सारे आयुष्य माणसांशी बोलण्यात आणि त्यांचे ऐकण्यात गेले.

पुढे ते पवनारला स्थिरावले आणि वयाबरोबर त्यांचे बहिरेपण वाढत गेले. गेलेले ऐकणे परत आले नाही. पण भेटीगाठी थांबल्या नाहीत. भेटायला येणारा आपला प्रश्न कागदावर लिहून पुढे ठेवी, विनोबा तो वाचत आणि उत्तर देत. धुळ्याला ते बोलत व दुसरा लिहून घेई. पवनारला दुसरे लिहू लागले व ते वाचू लागले.

25 डिसेंबर 1974, म्हणजे नाताळच्या दिवशी, त्यांनी वर्षभराचे मौन धरले. ऐकणे वयाने नेले होते, बोलणे त्यांनी आपण होऊन बाजूला ठेवले. जे हिरावले जाते आणि जे आपण अर्पण करतो, त्यांत मोठे अंतर आहे. 15 नोव्हेंबर 1982 रोजी पवनारलाच त्यांचे निधन झाले.

आपल्या धर्मग्रामातही कानाच्या दुखण्याने त्रासलेली माणसे आहेत. औषधे झाली, मशीन लावून झाले, तरी पूर्ण गुण येत नाही. डॉक्टरांकडे जाणे सोडू नये, हे खरेच. पण त्यांना अधिक बोचते ते घरातले एकटेपण. सगळे हसतात, आजोबा कारण विचारतात आणि आपण काही नाही म्हणून विषय संपवतो.

प्रभू येशूने बहिऱ्या माणसाला गर्दीतून बाजूला नेले आणि त्याच्या कानांना स्पर्श केला. त्याला समजेल अशी भाषा आधी प्रभूने वापरली. आपणही टीव्ही बंद करावा, समोर बसून सावकाश बोलावे. मिस्साच्या वेळी त्यांना पुढच्या बाकावर जागा द्यावी, वाचनाचे पान उघडून द्यावे. आणि घरी त्यांच्या उशाशी एक वही व पेन्सिल ठेवावी. कान बरा करणे आपल्या हाती नसेल; दोन ओळी लिहिणे आपल्या हाती आहे.