विस्मृतीचा वेध घेणारा डॉक्टर

आमच्या गावात म्हातारे माणूस विसरू लागले की 'साठी बुद्धी नाठी' म्हणून लोक मोकळे होतात. आजी मला वडिलांच्या नावाने हाक मारू लागली, तेव्हा आम्हीही हसलो. पुढे डॉ. अलॉइस अल्झायमर यांची जीवनकथा वाचनात आली आणि त्या हसण्याची लाज वाटली.

१४ जून १८६४ रोजी जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील मार्क्टब्राइट गावी त्यांचा जन्म झाला. १८८७ साली ते डॉक्टर झाले आणि १८८८ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. रुग्णांशी बोलणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली मेंदू तपासणे, ही दोन्ही कामे त्यांनी सारख्याच निष्ठेने केली.

१९०१ साली पत्नी सेसिली तीन लहान मुले मागे ठेवून वारली. त्याच वर्षी नोव्हेंबरात औगुस्ट डेटर ही बाई रुग्णालयात आली. वय अवघे ५१! नवऱ्याचे नाव विचारले तर ती स्वतःचेच सांगे. दाखवलेली वस्तू थोड्याच वेळात विसरे. तिला वेडी म्हणून बाजूला न सारता अल्झायमरांनी तिची उत्तरे टिपून ठेवली.

पुढे ते म्यूनिकला गेले, पण तिला विसरले नाहीत. ८ एप्रिल १९०६ रोजी ती वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू मागवून घेतला. चांदीच्या क्षाराने रंगवलेल्या कापांत पेशींच्या आत धाग्यांचा गुंता आणि बाहेर साचलेली पुटे दिसली. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेनच्या सभेत त्यांनी हे मांडले. कोणी एक प्रश्नही विचारला नाही! १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या रोगाला त्यांचे नाव दिले.

ती पुटे बीटा-अमायलॉइडची, हे १९८०च्या दशकात कळले. मोठ्या प्रथिनाचा कापला गेलेला हा तुकडा पेशींबाहेर साचतो. गुंता टाऊ प्रथिनाचा. पेशीतील वाहतुकीच्या नलिकांना टाऊ आधार देते. त्यावर फॉस्फेट जास्त चिकटले की ते सुटते आणि गुंतते. पेशींमधील संदेशांचे दुवे तुटतात. नव्या आठवणी रुजवणारा हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर सापडतो; म्हणून सकाळचे जेवण आठवत नाही, माहेर मात्र आठवते.

१९ डिसेंबर १९१५ रोजी ब्रेस्लाऊ येथे अल्झायमर निवर्तले. वय ५१च, औगुस्ट त्यांच्यासमोर आली तेव्हा होते तेवढेच. फ्रँकफर्टला पत्नीशेजारी त्यांना पुरले.

रोग मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही. आजी आजही मला वडिलांच्या नावाने हाक मारते. आता मी न हसता ओ देतो.