विश्लेषण : निफाडचे श्रीपाद डांगे विशीतच कम्युनिस्ट कसे झाले? त्यांच्या विद्यार्थी गटाची युवक संघटना का झाली नाही?

नाशिक : गंगापूर रोडवरच्या कॉलेजांत आणि अभ्यासिकांत रोज विशी-बाविशीतले हजारो तरुण येतात. गंगापूर धरणातून सुटलेले गोदावरीचे पाणी शहर ओलांडून निफाड तालुक्यात जाते. याच तालुक्यातल्या करंजगावात जन्मलेल्या एका तरुणाने याच वयात इंग्रज सरकारला धडकी भरवली होती. त्यांचे नाव श्रीपाद अमृत डांगे. भारतातल्या पहिल्या कम्युनिस्टांपैकी ते एक. जवळपास त्याच काळात व्हिएतनामी क्रांतिकारकांनी तरुणांची संघटना उभारली आणि तिच्यातून पुढे त्यांचा पक्ष घडला. मुंबईत मात्र तसे झाले नाही. असे का?

कोण होते डांगे?

डांगे यांचा जन्म १८९९ मध्ये झाला. कॉलेज शिक्षणासाठी ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात होते. टिळकांच्या राजकारणाचा त्यांच्यावर प्रभाव होता. कॉलेजात बायबलच्या तासाची सक्ती नको, यासाठी त्यांनी विद्यार्थ्यांना एकत्र केले. १९२० मध्ये गांधीजींनी असहकाराची हाक दिली, तेव्हा ते त्यात उतरले आणि कॉलेज सुटले. निंबकर, जोगळेकर यांच्यासारखे जहाल विचारांचे तरुण या काळात त्यांच्यासोबत होते.

एका पुस्तिकेने काय बदलले?

१९२१ मध्ये डांगे यांनी ‘गांधी विरुद्ध लेनिन’ ही इंग्रजी पुस्तिका लिहिली. तेव्हा ते २१ वर्षांचे होते. रशियन क्रांतीला जेमतेम चार वर्षे झाली होती आणि मार्क्सवादी पुस्तके भारतात सहज मिळत नव्हती. दोन नेत्यांच्या मार्गांची तुलना करून त्यांनी कौल लेनिनच्या बाजूने दिला.

ही पुस्तिका मुंबईतले पिठाच्या गिरणीचे मालक रणछोडदास लोटवाला यांच्या वाचनात आली. त्यांनी डांगे यांच्या अभ्यासाचा खर्च उचलला, पुस्तके मिळवून दिली. त्यांच्याच मदतीने ऑगस्ट १९२२ मध्ये ‘सोशलिस्ट’ हे इंग्रजी साप्ताहिक सुरू झाले. भारतातले ते पहिले मार्क्सवादी नियतकालिक मानले जाते. कामगारांच्या बाजूने लिहिणाऱ्या तरुणाला भांडवल पुरवणारा माणूस स्वतः गिरणीमालक होता.

व्हिएतनाममध्ये तेव्हा काय चालले होते?

पुढे हो चि मिन्ह या नावाने ओळखले गेलेले नेते १९२५ मध्ये चीनमधल्या कँटन शहरात होते. तिथे फ्रेंच वसाहतीच्या पोलिसांचा हुकूम चालत नव्हता. त्यांनी तिथे ‘क्रांतिकारी युवक संघ’ स्थापन केला. व्हिएतनाममधून तरुण गुपचूप येत, वर्ग करत आणि परत जाऊन काम उभे करत. संघाचे ‘थान निएन’, म्हणजे ‘युवक’, हे साप्ताहिकही निघे. याच जाळ्यातून १९३० मध्ये व्हिएतनामचा कम्युनिस्ट पक्ष उभा राहिला. पक्षाची युवक संघटना आपला स्थापनादिन २६ मार्च १९३१ मानते. आज तिला हो चि मिन्ह यांचेच नाव आहे.

मग मुंबईतला गट का विस्कटला?

पहिले कारण तुरुंग. मुंबईतल्या तरुणांना कँटनसारखा आसरा नव्हता. परदेशातून मानवेंद्रनाथ रॉय त्यांना पत्रे पाठवत आणि ती पोलीस वाटेतच वाचत. त्या पत्रांच्या आधारे १९२४ मध्ये कानपूर कट खटला उभा राहिला. डांगे, मुझफ्फर अहमद, शौकत उस्मानी आणि नलिनी गुप्ता यांना चार-चार वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबर १९२५ मध्ये कानपूरला कम्युनिस्टांची पहिली परिषद भरली, तेव्हा डांगे तुरुंगात होते.

दुसरे कारण गिरणगाव. डांगे १९२७ मध्ये सुटले. पुढच्याच वर्षी मुंबईच्या कापड गिरण्यांत मोठा संप झाला. सुमारे दीड लाख कामगार जवळपास सहा महिने कामावर गेले नाहीत. याच संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि काही महिन्यांत तिची सभासदसंख्या ५० हजारांच्या पुढे गेली. डांगे तिचे सरचिटणीस होते. कॉलेजातून बाहेर पडलेल्या या तरुणांना आता विद्यार्थ्यांच्या सभांपेक्षा चाळीतल्या आणि गिरणीच्या दारातल्या सभा महत्त्वाच्या वाटू लागल्या. व्हिएतनामी तरुण आधी युवक संघात शिकले आणि मग कामगार-शेतकऱ्यांकडे गेले. मुंबईतले तरुण थेट कामगारांत गेले.

सरकारने याला उत्तर दिले ते मार्च १९२९ मध्ये. मीरत कट खटल्यात देशभरातून ३० हून अधिक जणांना पकडण्यात आले. खटला जवळपास चार वर्षे चालला. डांगे यांना १२ वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती कमी झाली आणि ते १९३५ मध्ये सुटले. विशीतली आणि तिशीच्या सुरुवातीची बरीच वर्षे त्यांनी गजाआड काढली.

भारतात युवक संघटना कधी आली?

व्हिएतनामपेक्षा उलट क्रमाने. इथे पक्षाची सुरुवात आधी झाली. १९३६ मध्ये लखनौत ऑल इंडिया स्टुडंट्स फेडरेशन स्थापन झाले. ते सुरुवातीला सर्व विचारांच्या विद्यार्थ्यांचे होते, नंतर कम्युनिस्टांच्या प्रभावाखाली आले. ऑल इंडिया यूथ फेडरेशनची स्थापना तर १९५९ मध्ये झाली. तोवर डांगे साठीला पोहोचले होते.

पुढे डांगे यांचे काय झाले?

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते आघाडीवर होते. १९५७ मध्ये मुंबईतून लोकसभेवर निवडून आले. मात्र १९६४ मध्ये जुना काळ पुन्हा समोर आला. १९२४ मध्ये तुरुंगातून इंग्रज सरकारला सहकार्याची तयारी दाखवणारी पत्रे त्यांनी लिहिली, असा आरोप झाला. पत्रे बनावट असल्याचे डांगे यांनी सांगितले. एप्रिलमध्ये राष्ट्रीय परिषदेतून ३२ सदस्य बाहेर पडले आणि त्याच वर्षी पक्ष फुटला. फुटीमागे चीन आणि काँग्रेसबाबतचे जुने मतभेद होतेच, पत्रांनी त्यात भर घातली. काँग्रेसशी जवळीक ठेवण्याच्या भूमिकेवरून १९८१ मध्ये त्यांच्याच पक्षाने त्यांना काढून टाकले. २२ मे १९९१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आज हे का समजून घ्यायचे?

व्हिएतनाममध्ये युवक संघ सत्तेतल्या पक्षाचा भाग झाला आणि टिकला. डांगे यांच्या गटाच्या नावाची संघटना राहिली नाही. पण आठ तासांचा दिवस, पगार आणि संपाचा हक्क यांसाठी गिरणगाव ज्या युनियनमागे उभा राहिला, तिच्या उभारणीत या गटातल्या तरुणांचा मोठा वाटा होता. त्याची किंमत त्यांनी आपल्या तरुणपणाच्या वर्षांनी मोजली.