अमेरिकेला पेन्शन मिळवून देणाऱ्या बाईंना स्वतः मात्र रिटायर होता आलं नाही

तारीख 14 ऑगस्ट 1935. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट सोशल सिक्युरिटी कायद्यावर सही करतायत. मागे पुरुषांच्या घोळक्यात एक बाई उभ्या आहेत. हा कायदा घडवण्यात ज्यांचा सगळ्यात मोठा वाटा होता, त्या कामगार मंत्री फ्रान्सिस पर्किन्स.

फोटोत दिसत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. त्याच दिवशी त्यांना न्यूयॉर्कहून फोन आला होता की, तुमचे मिस्टर घरातून निघून गेलेत आणि सापडत नाहीयेत. बाई फोटोसाठी उभ्या राहिल्या, कार्यक्रम उरकला आणि नवऱ्याला शोधायला न्यूयॉर्कला गेल्या. ते सापडले.

पर्किन्स यांचा जन्म 1880 चा, बॉस्टनचा. 25 मार्च 1911 ला न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली, तेव्हा त्या जवळच एका ओळखीच्या घरी चहाला गेल्या होत्या. धावत गेल्या, तर वरच्या मजल्यांवरून मुली खाली उड्या मारत होत्या. बाहेर पडायचं एक दार कुलूपबंद होतं. 146 जण गेले. कामगारांसाठी कायदे करणं हेच तिथून पुढे त्यांचं काम झालं.

1913 मध्ये त्यांनी पॉल विल्सन यांच्याशी लग्न केलं. स्वतःचं आडनाव मात्र तेच ठेवलं, त्या काळात! मुलगी झाली आणि थोड्याच वर्षांत पॉल यांना गंभीर मानसिक आजार जडला. पुढची कित्येक वर्षं दवाखाना, घर, पुन्हा दवाखाना. नियमित नोकरी त्यांना जमेना. घर, मुलगी, उपचार, सगळा खर्च बाईंच्या पगारावर.

1933 मध्ये त्या अमेरिकेच्या पहिल्या महिला कॅबिनेट मंत्री झाल्या. पद घेण्याआधीच त्यांनी रूझवेल्ट यांच्यासमोर कामांची यादी ठेवली होती. म्हातारपणाची पेन्शन, बेकारी विमा, किमान वेतन, बालमजुरीवर बंदी. दोनच वर्षांत सोशल सिक्युरिटी कायदा आला. मालक आणि कामगार दोघांनी पैसे भरायचे आणि कामगाराला 65 व्या वर्षी पेन्शन.

पण 65 च्या आधीच माणूस आजारी पडला, काम करण्यासारखा राहिलाच नाही तर? त्याचा विमा या कायद्यात नव्हता. गरीब अंधांना मदत होती, अपंग मुलांसाठी सेवा होत्या, पण अपंगत्व आलेल्या कामगाराला पेन्शन नाही. सही करणारा राष्ट्राध्यक्ष पोलिओमुळे पायांना ब्रेसेस लावल्याशिवाय उभा राहू शकत नव्हता आणि कायदा घडवणाऱ्या बाईंचा नवरा आजारपणामुळे कमवू शकत नव्हता. तरीही ही फट राहिली. मला यात दोघांचा निष्काळजीपणा दिसत नाही. खरोखर अपंग कोण हे ठरवणं अवघड, खर्च किती वाढेल याचा अंदाज नाही, आणि महामंदीत असे विमे विकणाऱ्या खासगी कंपन्यांचे हात पोळलेले. तेव्हा जेवढं पदरात पडेल तेवढं घेतलं गेलं. शेतमजूर आणि घरकामगारही पहिल्या कायद्यात बाहेरच राहिले होते.

ही फट बुजायला 1956 उजाडलं. सिनेटमध्ये 47 विरुद्ध 45, म्हणजे अगदी काठावर, अपंगत्वाची पेन्शन मंजूर झाली. सुरुवातीला फक्त 50 ते 64 वयाच्या कामगारांसाठी. त्याच कायद्याने महिलांना 62 व्या वर्षी कमी रकमेची पेन्शन लवकर घ्यायची मुभा दिली. पॉल विल्सन 1952 च्या शेवटच्या दिवशी वारले होते.

लवकरची पेन्शन आणि अपंगत्वाची पेन्शन, या दोन गोष्टींचा गुंता अमेरिकेत आजही लोकांना अडकवतो. तिकडे कुणी नातेवाईक असतील तर हे नीट वाचा. 1960 किंवा नंतर जन्मलेल्यांना पूर्ण पेन्शन 67 व्या वर्षी मिळते. समजा ती महिना 1000 डॉलर आहे. 62 व्या वर्षी घेतली तर 700. पण त्याच वयात अपंगत्व मंजूर झालं तर जवळपास पूर्ण रक्कम, 1000. दोन्हीची बेरीज करून 1700 मात्र मिळत नाहीत.

अडचण अशी की अपंगत्वाच्या अर्जाचा निकाल यायला अनेक महिने जातात. तोवर घर कसं चालवायचं? म्हणून लोक 62 ला पेन्शन सुरू करतात. ते चालतं, अर्ज बाद होत नाही. नंतर अपंगत्व मंजूर झालं तर रक्कम वाढते, फक्त त्याआधी जितके महिने लवकरची पेन्शन घेतली तेवढ्यापुरती कात्री कायम राहते. पण अर्ज फेटाळला गेला, तर कमी झालेली पेन्शनच गळ्यात पडते. पहिल्या 12 महिन्यांत सगळे पैसे परत करून ती मागे घेता येते, पण ज्याने किराण्यासाठी घेतली तो परत कुठून करणार?

पुरुषांना 62 ची मुभा 1961 मध्ये मिळाली. पर्किन्स तेव्हा 81 वर्षांच्या होत्या आणि कॉर्नेल विद्यापीठात शिकवत होत्या. विद्यार्थ्यांच्याच निवासात राहायच्या. 14 मे 1965 ला त्या गेल्या, वयाच्या 85 व्या वर्षी. शिकवणं तोवर सुरूच होतं.