उशिरा उघडलेले दार : लीझ माइटनर



मुलीचे शिक्षण मध्येच थांबले की आता सारे संपले, असे आपण मानतो. असे मानण्यापूर्वी लीझ माइटनर यांचे चरित्र जरूर वाचा.

त्यांचा जन्म १८७८ साली व्हिएन्ना शहरात एका ज्यू वकिलाच्या घरी झाला. त्या काळी तेथे मुलींची शाळा चौदाव्या वर्षी संपे आणि विद्यापीठाचे दार मुलींना बंद असे. १८९७ साली ते दार उघडले. वडिलांनी खाजगी शिकवणी लावून दिली. आठ वर्षांचा अभ्यास लीझने सुमारे दोन वर्षांत पुरा केला आणि १९०१ साली, बाविसाव्या वर्षी, ती प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाली. १९०६ साली तिने पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळवली.

१९०७ साली त्या बर्लिनला गेल्या. तेथे रसायनशास्त्रज्ञ ऑटो हान यांच्याबरोबर काम मिळाले, पण पगार नव्हता. संस्थेत स्त्रियांना मज्जाव असल्याने तळघरातील सुतारकामाच्या खोलीत त्यांना प्रयोग करावे लागले. तरीही त्या मागे हटल्या नाहीत. १९२६ साली त्या प्राध्यापक झाल्या.

नंतर हिटलरची राजवट आली. जुलै १९३८ मध्ये वयाच्या साठीला आलेल्या माइटनरबाईंना जवळजवळ रिकाम्या हाताने जर्मनी सोडावी लागली. स्वीडनने त्यांना आसरा दिला.

त्याच वर्षी डिसेंबरात हान यांचे पत्र आले. युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केला असता त्यांना आणि स्ट्रासमान यांना बेरियम सापडले होते. इतक्या जड अणूतून जवळपास निम्म्या वजनाचा अणू आला कोठून? नाताळच्या सुट्टीत, बर्फातून फिरताना माइटनरबाई आणि त्यांचा भाचा ऑटो फ्रिश यांनी याचा विचार केला. अणूचे केंद्र म्हणजे जणू पाण्याचा थेंब. तो लांबतो, मध्ये बारीक होतो आणि त्याचे दोन तुकडे होतात. युरेनियमचा अणुक्रमांक ९२, बेरियमचा ५६. वजा करा, उरतात ३६, म्हणजेच क्रिप्टॉन! एक तुकडा हाती असताना दुसरा कोणता असेल, हे त्यांनी कागदावरच ओळखले. प्रोटॉनच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतके वस्तुमान नाहीसे होऊन सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा बाहेर पडते, हेही त्यांनी तेथेच मांडले. हे संशोधन फेब्रुवारी १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले.

अणू फुटल्यावर कोणते तुकडे निघतील, याचे गणित आज संगणक करतात. अशाच तुकड्यांपैकी मॉलिब्डेनम-९९ पासून मिळणारे टेक्नेशियम इस्पितळात रोगनिदानासाठी वापरतात. याच ज्ञानातून बॉम्बही झाला, पण त्या कामात सहभागी होण्यास माइटनरबाईंनी साफ नकार दिला होता.

१९४४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक एकट्या हान यांना मिळाले. हा अन्याय त्यांना सोसावा लागला. १९६८ साली केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले. पुढे १०९ व्या मूलद्रव्याला त्यांचे नाव देण्यात आले.

पालकहो, त्या शिकवणीचे पैसे वडिलांनी वाचवले असते, तर हानांच्या पत्राचा अर्थ लावायला त्या बर्फात लीझ नसती. आणि मुलींनो, शाळा सुटून काही वर्षे गेली असतील, तरी पुस्तक पुन्हा उघडा. उशीर झाला म्हणून दार बंद झाले, असे समजू नका.