पंडिता रमाबाई इंग्रजी बोलावयास कशा शिकल्या

परकी भाषा वाचता येणे निराळे आणि ती चारचौघांत बोलता येणे निराळे, याचा अनुभव आपल्या शाळेतील बहुतेक विद्यार्थ्यांस असेलच. परीक्षेत इंग्रजी व्याकरणाचे पैकीच्या पैकी गुण मिळविणारा मुलगा वक्तृत्वसभेत उभा राहिला म्हणजे त्याची जीभ टाळूस चिकटते. अंधेरी-बोरिवलीकडील काय किंवा घाटकोपर-मुलुंडकडील काय, ज्या घरांत केवळ मराठीच बोलली जाते तेथील मुलामुलींची ही नित्याची अडचण आहे. अशा मुलांनी पंडिता रमाबाईंचे चरित्र एका वेगळ्या बाजूने पाहावे. त्यांच्या विद्वत्तेविषयी, धर्मांतराविषयी व केडगावच्या मुक्तिसदनाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत ज्यांस इंग्रजी बोलता येत नव्हते, त्यांनी पुढे चार-पाच वर्षांतच त्या भाषेत दूरदेशीच्या सभा कशा जिंकल्या, ही हकीकत क्वचितच सांगितली जाते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. स्त्रियांस संस्कृत शिकवू नये ही त्या काळची समजूत न जुमानता त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला शिकविले, आणि पुढे लक्ष्मीबाईंनी पहाटेच्या अंधारात मुलीस जागे करून तिजकडून श्लोक पाठ करून घेतले. हे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करीत हिंडे व देवळांतून पुराणे सांगून पोट भरी. त्यामुळे मंडळीसमोर बसून बोलणे हे रमाबाईंच्या अंगी लहानपणापासूनच मुरले. कानडी, हिंदुस्थानी, पुढे बंगाली या भाषाही त्यांनी शाळेत बसून मिळविल्या नाहीत. वाटेवर जी माणसे भेटली त्यांच्याशी बोलता बोलता मिळविल्या.

दुष्काळात आईबाप व बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे पायी भटकत सन १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. सन १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी रमाबाईंचा विवाह झाला. पण फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने त्यांचाही अंत झाला. मांडीवर मनोरमा नावाची तान्ही मुलगी घेऊन रमाबाई पुण्यास आल्या.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. त्याच साली हंटरसाहेबांचे शिक्षण कमिशन तेथे आले असता रमाबाईंची साक्ष झाली. स्त्रियांस शिक्षिका व डॉक्टर करण्याची किती निकड आहे हे त्यांनी मोठ्या तळमळीने मांडले. परंतु ते सारे मराठीत. साहेबांपर्यंत ते भाषांतराच्या वाटेने पोहोचले. संस्कृतात ज्यांच्यापुढे शास्त्री मान तुकवीत, त्या विदुषीस राज्यकर्त्यांपुढे दुसऱ्याच्या जिभेने बोलावे लागले. ही गोष्ट त्यांच्या मनास किती लागली असेल याची कल्पना करावी. आपण स्वतः वैद्यकी शिकावी असा विचार त्यांच्या मनात घोळू लागला होता, व त्यास इंग्रजीवाचून गत्यंतर नव्हते. मिस हरफर्ड नावाच्या मिशनरी बाईंच्या ओळखीच्या दिवसांतच त्यांनी इंग्रजीचा अभ्यास आरंभिला. तथापि त्या वेळी त्यांस ती भाषा ना लिहिता येई ना बोलता येई.

‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या मराठी पुस्तकाच्या उत्पन्नातून भाडे भरून सन १८८३ मध्ये रमाबाई मनोरमेस घेऊन विलायतेस गेल्या. वाँटेज गावी एका ख्रिस्ती भगिनीमंडळाचा मठ होता. या मंडळाच्या भगिनी पुण्यासही काम करीत. तेथे जो करार ठरला तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींस रमाबाईंनी मराठी शिकवावे आणि त्या बदल्यात आपला निर्वाह व शिक्षण मिळवावे, असा तो होता. अशी ही विद्येची देवघेव झाली. या व्यवहारात दोन्ही बाजूंस चुका करण्याची सारखीच मोकळीक असते. समोरची बाई मराठी क्रियापदाशी झटापट करीत असता आपल्या अडखळत्या इंग्रजीची लाज कोणास वाटावी? आमच्या मते रमाबाईंच्या जलद प्रगतीचे मर्म पुष्कळसे येथेच आहे. तेथील सिस्टर जेराल्डीन यांजवर त्यांचा इतका जीव जडला की त्यांस त्या ‘आजीबाई’ म्हणत, व इंग्रजी पत्रांतूनही हाच मराठी शब्द लिहीत.

सप्टेंबर १८८३ मध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यावरून इकडे जे वादळ उठले ते सर्वश्रुत आहे. याच सुमारास दुसरे एक संकट ओढवले. त्यांचे कान अधू होऊ लागले, ऐकू फार कमी येऊ लागले, आणि डॉक्टर होण्याची आशा सोडावी लागली. ज्यास ऐकू येत नाही त्याने परकी भाषेचे उच्चार उचलावे तरी कसे? तरीही सन १८८४ मध्ये त्या चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजात दाखल झाल्या. मुख्याध्यापिका मिस डोरोथिया बील यांच्या देखरेखीखाली त्या इंग्रजी वाङ्मय, गणित व सृष्टिशास्त्र शिकत आणि स्वतः संस्कृत शिकवीत. मिस बील त्यांच्याशी धर्मविषयक प्रश्नांवर वाद करीत, आणि शिष्येने उलट शंका काढल्यास रागावत नसत. त्या मानी विद्यार्थिनीस अशीच गुरू हवी होती.

अल्पावधीतच या इंग्रजीची कसोटी लागली. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांसही शिकवावे अशी सूचना निघाली असता काही बिशपांनी हरकत घेतली. पुरुषांस शिकविल्यास हिंदुस्थानात बाईंचे वजन कमी होईल असे त्यांचे म्हणणे. रमाबाई संतापल्या. आपल्या देशात आपण पुरुषांच्या सभांत बोललो असता येथे हा निर्बंध कसला, अशा आशयाची त्यांची पत्रे आजही उपलब्ध आहेत. अंगावरचा आश्रय ज्यांचा, त्यांच्याशीच त्यांच्या भाषेत वाद घालावयाचा आणि तोही तोल न सोडता, हे काम सोपे नव्हे.

सन १८८६ च्या आरंभी त्या अमेरिकेस गेल्या. निमित्त होते दूरच्या नात्यातील डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाचे. तो समारंभ ११ मार्च रोजी फिलाडेल्फिया येथे झाला. थोड्याच काळासाठी म्हणून गेलेल्या बाई तेथे पावणेतीन वर्षे राहिल्या. बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले, आणि गावोगावी भाषणे दिली. चर्च, कॉलेजे, दारूबंदीसाठी झटणाऱ्या स्त्रियांच्या सभा, कोणाची दिवाणखान्यातील बैठक, जेथे दहा माणसे जमतील तेथे त्या उभ्या राहिल्या. त्यांची मागणी एकच होती: आपल्या देशातील बालविधवांसाठी एक शाळा. बोलणे फसले तर शाळा नाही, हे त्यांस ठाऊक होते. मग उच्चारात हिंदुस्थानी छटा राहिली तर राहिली! डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन निघाली व तिने दहा वर्षे शाळेचा खर्च चालविण्याचे पत्करले. निरनिराळ्या गावी तिची लहान लहान मंडळेही स्थापन झाली.

परतीच्या वाटेवर सन १८८८ च्या अखेरीस त्या जपानात उतरल्या व तेथेही त्यांनी व्याख्याने दिली. जपानी लोकांनी याच प्रश्नाशी कसा सामना दिला हे येथे थोडे सांगितले पाहिजे. फुकुझावा युकिची या गृहस्थाने कित्येक वर्षे खपून डच भाषा हस्तगत केली होती. सन १८५९ मध्ये योकोहामा बंदर परकीयांस खुले झाले, तेव्हा ते तेथे गेले तो दुकानांवरच्या पाट्यासुद्धा त्यांस वाचता येईनात. बाजारात इंग्रजीचे राज्य होते. खचून न जाता त्यांनी लगोलग इंग्रजीस आरंभ केला. पुढे सभेत उभे राहून बोलण्याची कला देशबांधवांस यावी म्हणून त्यांनी १८७५ मध्ये आपल्या विद्यालयात तोक्यो येथे खास व्याख्यानगृह बांधले. ते आजही उभे आहे. जपानात अद्यापिही अनेकांस इंग्रजी वाचता येते पण बोलताना संकोच वाटतो. म्हणून तेथील विद्यापीठांतून केवळ इंग्रजी बोलण्यासाठी विद्यार्थ्यांची मंडळे चालतात.

फेब्रुवारी १८८९ मध्ये रमाबाई मुंबईस परतल्या, आणि ११ मार्च रोजी चौपाटीजवळ शारदासदन उघडले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणून प्रसिद्ध झाल्या. सदन नंतर पुण्यास गेले. तेथे धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ मध्ये मोठा गहजब झाला व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांचा धाक निष्कारण होता असे आम्ही म्हणत नाही. पण बाईंचा हेतू कपटाचा होता असेही कोणी म्हणू नये. सन १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतांतून शेकडो निराधार मुली आणून त्यांनी केडगावी वसविल्या.

उत्तरायुष्यात याच बाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. या वेळी भाषा कोणती निवडावी हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. संस्कृतप्रचुर मराठी त्यांच्या हातचा मळ. पण केडगावच्या खेडवळ बायकांस कळेल असेच साधे शब्द त्यांनी पसंत केले. जुळारी मुक्तिसदनातील बायका, छापखानाही तेथलाच. सुमारे अठरा वर्षे हे काम चालले. जुलै १८२१ नव्हे, तर १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई आईच्या आधी वारल्या. त्या दुःखातही लेखणी थांबली नाही. भाषांतर पुरे होते न होते तोच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनी केडगावी देह ठेवला. तो ग्रंथ त्यांच्या पश्चात, १९२४ मध्ये, तेथल्याच बायकांनी छापून बाहेर काढला.